दुसरी लॉरी माझ्या नावावर

आमची पहिली लॉरी कोळशावर चालायची. लढाईची वर्षं होती. पेट्रोल कुपनावर मिळायचं आणि आमच्यासारख्यांच्या वाट्याला कुपनं बेतानंच यायची. म्हणून लॉरीच्या पाठीला पत्र्याची एक उंच टाकी बसवलेली होती. तिच्यात कोळसा भरायचा, खालून पेटवायचा, हातानं पंखा फिरवत बसायचं, मग गॅस तयार व्हायचा आणि इंजिन खोकत खोकत सुरू व्हायचं. पहाटे हे काम माझ्याकडं असे. निपाणीतल्या आमच्या गल्लीत बाकीच्या बायका दारात सडा घालायच्या, त्या वेळी मी काळ्या तोंडानं पंखा फिरवत बसलेली असायची. दोन्ही मुली उठायच्या आत अंघोळ करावी म्हटलं तरी नखांतली काजळी जात नसे. त्या वर्षांचा विचार आला की आधी खांदे दुखल्यासारखे वाटतात, मग बाकीचं आठवतं.

आमचं मूळ घर सांब्र्याचं, बेळगावजवळ. म्हणजे ह्यांचं. लढाईत तिथं विमानांसाठी मैदान करायचं ठरलं आणि ह्यांच्या वाटणीचा मळा त्यात गेला. मैदानावर दगड-मुरूम टाकायला ठेकेदाराच्या लॉऱ्या आल्या, तेव्हा हे तिथंच कामाला लागले. आधी पाट्या उचलायला, मग लॉरीवर. आपल्याच मळ्यावर ह्यांनी मुरूम ओतला. मला हे त्यांनी कधी सांगितलं नाही, नणंदेनं सांगितलं. काम संपल्यावर ठेकेदारानं जुन्या गाड्या काढून टाकल्या, त्यातली एक ह्यांनी घेतली आणि आम्ही निपाणीला आलो. तिथं तंबाखूच्या वखारी होत्या आणि माल वाहायला गाड्या कमी पडत होत्या.

आता निपाणीची गोम अशी, की निपाणी इंग्रजांची आणि दूधगंगा ओलांडली की कोल्हापूरचं संस्थान. आमची लॉरी इंग्रजी मुलखातली. तिला पलीकडं जायची परवानगी नव्हती. कोल्हापूरचा माल असला, की नाक्यावर सगळे बोद खाली उतरवायचे आणि संस्थानच्या गाड्यांत चढवायचे. बोद म्हणजे तंबाखूचं ते अवाढव्य गाठोडं, चार माणसांना न आवरणारं. उतरवताना चुरा उडायचा, हमालांना शिंका लागायच्या, माल कमी भरायचा आणि बोलणी आम्ही खायची.

लढाई संपली, तसे लष्कराचे डेपो जुन्या लॉऱ्या विकायला लागले. ज्या वखारीचा माल आम्ही जास्त वाहायचो, तिथले शेटजी ह्यांना म्हणाले, "दुसरी गाडी करा. पण ती थेट कोल्हापुरात जाणारी पाहिजे. मग हंगामभर माझा माल तुमच्याकडं." त्या एका वाक्यावर हे पुण्याकडं गेले आणि हिरवी लष्करी लॉरी घेऊन आले. बरोबर ड्रायव्हरमामा होते. ते नात्यानं आमचे कोणी नव्हते. चिकोडीकडचे, लष्करात लॉरी चालवून परत आलेले, बोलायला कमी. आमच्या मुली त्यांना मामा म्हणायच्या, म्हणून सगळेच म्हणायला लागले.

नवी लॉरी पेट्रोलवर चालणारी होती. मी तिच्या मागं जाऊन बघितलं, टाकी नव्हती. मला तेवढं पुरे होतं.

पण लॉरी दारात उभी राहिली म्हणजे ती रस्त्यावर आली असं नाही. आधी बेळगावच्या मोटारींच्या कचेरीत तिची नोंद व्हायची, साहेबानं ती तपासून पास करायची, मग मालवाहतुकीचं परमिट, आणि ते हातात आलं की कोल्हापुरात जाऊन संस्थानची वेगळी परवानगी. ह्यांनी अर्ज केला, हेलपाटे घातले आणि कधीतरी पौषात बेळगावची तारीख मिळाली.

तारखेच्या आदल्या सकाळी ह्यांचा हात मोडला.

गाडीची बॅटरी मेली होती. थंडी होती, इंजिन गारठलेलं. हे पुढं वाकून हँडल मारत होते. मामा आत बसलेले. पहिल्यांदा काही झालं नाही, दुसऱ्यांदा इंजिन गुरगुरलं, आणि पुढच्या खेपेला हँडल उलटं फिरलं आणि ह्यांच्या मनगटावर बसलं. मी चुलीपुढं होते. ओरडणं ऐकू आलं नाही, लाकूड मोडल्यासारखा आवाज तेवढा आला. बाहेर येऊन बघते तर हे मडगार्डला टेकून खाली बसलेले, डावा हात उजव्या मनगटाभोवती, आणि लॉरी मात्र सुरू. मामांनी उतरून ती बंद केली.

"बंद कशाला केलासा?" हे म्हणाले. "आता परत सुरू व्हायची न्हाय ती."

हाडवैद्याला बोलावलं. त्यानं हात ओढला, कामट्या लावल्या, तेलाची पट्टी गुंडाळली आणि हळदीचं दूध द्यायला सांगितलं. मी म्हटलं, तारीख पुढं ढकलू या. हे ऐकेनात. "तारीख गेली तर हंगाम जाईल. गाडी मामा चालवतील, मी नुसता बसतो." पण ह्यांना सदऱ्याच्या गुंड्या लावता येईनात, घास मोडता येईना. म्हणून मुलींना शेजारच्या आक्काकडं ठेवून मीही निघाले. गल्लीतल्या लोकांनी ढकलून लॉरी सुरू करून दिली. तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी, काकती. त्या वाटेवर प्रत्येक खड्ड्याला हे दात आवळायचे आणि मामा माफी मागितल्यासारखे गाडी हळू करायचे. अंधार पडायच्या सुमाराला सांब्र्याला नणंदेच्या घरी पोचलो.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. कारकून मध्यम वयाचे, डोक्यावर काळी टोपी, कन्नड आणि मराठी दोन्ही एकाच दमात बोलणारे. मनानं वाईट नव्हते. त्यांनी डेपोचा विक्रीचा कागद बघितला, आमचा अर्ज बघितला आणि ह्यांच्यापुढं दौत सरकवली. "सही करा."

ह्यांनी हात दाखवला.

"मग डाव्या हातानं करा."

ह्यांनी केली. म्हणजे प्रयत्न केला. शाळेत न जाता, मैदानावर काम करताना एका मुकादमाकडून ह्यांनी सही शिकून घेतली होती. ती त्यांची मोठी कमाई होती. ठळक, एकेक अक्षर कोरल्यासारखी. डेपोच्या कागदावर ती होती. आता डाव्या हातानं उमटलं ते मुंगी शाईत बुडून चालल्यासारखं.

कारकुनांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "ही सही जुळत न्हाय हो."

"मग अंगठा घ्या," हे म्हणाले.

"अंगठा कसा घेऊ? गाडी घेतली सही करणाऱ्यानं. अंगठा करणारा दुसरा माणूस झाला. उद्या कोण म्हणालं, गाडी चोरून आणलीया, तर माझी नोकरी जाईल की."

"मी समोर उभा हाय न्हवं?"

"तुम्ही उभं हाय ते मला दिसतंय. कागदाला कुठं दिसतंय?"

साहेबांना विचारावं म्हटलं, तर साहेब फिरतीवर. कधी येणार? कारकून म्हणाले, "नाळे बर्री." म्हणजे उद्या या. उद्या गेलो, तेव्हाही तेच म्हणाले. मग किती दिवस तेच ऐकलं, याचा हिशेब मी सोडून दिला. सकाळी सांब्र्याहून मिळेल त्या बैलगाडीनं निघायचं, कचेरीबाहेरच्या चिंचेखाली बसायचं, भाकरी सोडायची, ह्यांना भरवायची, आणि ऊन उतरलं की परत. लॉरी तिथंच उभी असे आणि मामा तिच्यातच झोपत. भरल्या रस्त्यावर बायकोच्या हातून घास घ्यायची ह्यांना लाज वाटे. ते लॉरीच्या पलीकडच्या बाजूला, कुणाला न दिसेल असे बसायचे. मग मीही तिकडं जाऊन बसायची. मला कंटाळा आला होता, त्यांच्या लाजेचाही.

मधेच कारकून बाहेर आले आणि लॉरीकडं बघून म्हणाले, "रंग बदलायला पाहिजे. लष्कराचा रंग हाय. साहेब ह्या रंगात पास करणार न्हायत."

रंगारी ओळखीचा होता, पण तो शहापूरचा. शहापूर म्हणजे बेळगावला लागूनच, चालत गेलं तर कळायचंही नाही आपण दुसऱ्या गावात आलो. पण शहापूर सांगली संस्थानचं. नोंद न झालेली गाडी तिथं न्यायची म्हणजे परक्या राज्यात नेण्यासारखंच. शेवटी मामा चालत गेले आणि रंगाऱ्यालाच डबे-ब्रशांसकट घेऊन आले. त्यानं चिंचेखालीच लॉरी निळी केली. विणकरांच्या गल्लीत राहणारा माणूस, त्याला निळ्यातले सतरा निळे माहीत. "आक्का, कुठला निळा देऊ?" त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, जो लवकर वाळतो तो. त्याचा चेहरा पडला, ते माझ्या अजून लक्षात आहे.

ह्यांच्या हाताची सूज काही उतरत नव्हती. बोटं काळीनिळी दिसायला लागली, तेव्हा मी हट्टानं त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कामट्या काढल्या आणि हात चाचपून बघितला. मग म्हणाले, हाड वाकडं बसलंय. पुन्हा ओढून प्लास्टर घालावं लागेल, तरी मनगट पूर्वीसारखं वळणार नाही. ह्यांनी एकच विचारलं.

"सही करता येईल न्हवं?"

"आधी भात कालवता येतो का बघू," डॉक्टर म्हणाले.

परत येताना बैलगाडीत हे माझ्याकडं पाठ करून बसले. मी पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी झटकला नाही, पण वळलेही नाहीत.

एकदाचे साहेब आले. गोरे नव्हते, आपलेच, कडक इस्त्रीचे. त्यांनी लॉरीभोवती फेरी मारली, मामांना ती पुढं-मागं घ्यायला लावली, ब्रेक मारायला लावले, भोंगा वाजवून घेतला, खाली वाकून कुठलासा नंबर कागदाशी ताडून बघितला. "गाडी ठीक आहे," म्हणाले. मग ह्यांच्या गळ्यात अडकवलेल्या हाताकडं बघितलं आणि कारकुनांनी सगळी हकीकत सांगितली.

साहेब म्हणाले, "मॅजिस्ट्रेटसमोर ओळख पटवून अंगठा करता येईल. पण आज नोंदणी, उद्या परमिट, मग संस्थानचे अर्ज, पुन्हा कर. प्रत्येक वेळी मॅजिस्ट्रेटकडं जाणार का? त्यापेक्षा एकदाच अंगठा करा आणि गाडी घरातल्या सही येणाऱ्या माणसाच्या नावावर करून द्या. पुढची कटकट मिटेल. आहे का कोणी? भाऊ?"

ह्यांना भाऊ नव्हता. हे खाली बघत राहिले. मामा दूर बघत राहिले. मी लॉरीच्या चाकाजवळ बसले होते, भाकरीच्या फडक्याची घडी करत. मराठी चौथी झाले होते मी. माहेरी वडील शिकण्याच्या बाजूचे होते म्हणून. पण ते मी आपण होऊन सांगायचं, असं मला वाटलं नाही.

हे म्हणाले, "ही हाय. हिला लिवाय येतंय."

साहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "ठीक. उद्या या."

त्या संध्याकाळी सांब्र्याला नणंदेच्या अंगणात आम्ही बसलो होतो. मैदानाच्या बाजूनं वारा येत होता. नणंद आत भाकरी थापत होती. हे म्हणाले, "मळा गेला तवा वाटलं, लॉरी हाय. आता मी त्या लॉरीचा ड्रायव्हर बी न्हाय आन मालक बी न्हाय."

मला झोप येत होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्यांचं दुःख कळत होतं, पण ते उचलून घ्यायला अंगात बळ नव्हतं. मी म्हटलं, "कागदावर माझं नाव, एवढंच. गाडी तुमचीच की."

"तसं बोलू नगं," ते म्हणाले. "लोक तसंच म्हणत्यात आन मागनं हसत्यात. तुझी तर तुझी. पर मग नीट तुझी."

आतून नणंद म्हणाली, "आण्णा, जेवाय या. नावावरनं काय पोट भरत न्हाय." हे उठले. त्या रात्री त्यांनी अंगणातच, सगळ्यांसमोर, माझ्या हातून जेवण घेतलं.

मॅजिस्ट्रेटकडं डाव्या अंगठ्याचा ठसा झाला. दुसऱ्या दिवशी कारकुनांनी माझ्यापुढं दौत ठेवली. मी माझं नाव लिहिलं आणि थांबले.

"पूर्ण नाव लिवा बाई. मधे नवऱ्याचं, मग आडनाव."

आमच्यात नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसत. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. आणि लिहिलं तर कधीच नव्हतं. लिहायची वेळ कुठं आली होती? हे माझ्या मागं उभे होते. मी टाक बुडवला आणि त्यांचं नाव लिहिलं. अक्षर बरं आलं. पुढं लगेच दुसरा कागद आला, मग तिसरा, आणि प्रत्येकावर माझ्या नावामागं त्यांचं नाव. शेवटी बोटं शाईनं निळी झाली. मागून हे हळूच म्हणाले, "वेलांटी माझ्यापेक्षा बरी काढतीस." त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

अशी बेळगावची नोंद झाली आणि परमिट हातात आलं. पण ते दूधगंगेपर्यंतचंच. अर्धं काम अजून पलीकडं होतं.

निपाणीला मुलींना जवळ घेऊन दोन दिवसही झाले नसतील, तोवर शेटजींचा निरोप आला: माल तयार आहे, कधी नेता? पहिली लॉरी तेव्हा दुरुस्तीला पडली होती. एकटे मामा दोन गाड्या चालवणार कशा, हाही प्रश्न होताच. आम्ही तिघं कोल्हापूरला निघालो. नाक्यावर नाकेदारानं रिकामी गाडीही सोडायला किरकिर केली. परवानगी काढायला चाललोय म्हटलं, तर म्हणाला, "परवानगी नसताना परवानगी काढायला गाडी कशी न्यायची?" लॉरी त्याच्या दारात सोडून कागलपर्यंत चालत आणि पुढं सर्व्हिस मोटारीनं गेलो. पायातली चप्पल तुटली ती तिथं.

कोल्हापूरच्या कचेरीत फेटेवाले वयस्क कारकून होते. त्यांनी कागद चाळले. ते ह्यांच्याकडं बघून बोलत होते. "अर्जदार कुठाय? मालकांना हजर करा."

"मीच," मी म्हणाले.

त्यांना ऐकू आलं नसावं. ते पुन्हा ह्यांनाच म्हणाले, "अहो, मालकांना पाठवून द्या. तुम्ही कोण? ड्रायव्हर?"

मला वाटलं, आता हे रागावणार. गेले कित्येक दिवस लोक त्यांना काही ना काही विचारत होते आणि ते गिळत होते. पण हे एक पाऊल मागं सरले आणि म्हणाले, "मालक ह्या हायेत. त्यांचीच गाडी. मी त्यांच्या संगं आलोय."

ते मला कधीही 'त्या' म्हणत नसत. 'ए', 'ऐकलंस का', फार तर मुलीच्या नावानं तिची आई. तिथं, परक्या राज्याच्या कचेरीत, ते मला अहो-जाहो बोलले. माझे डोळे भरून आले. पण मी रडले नाही, कारण कारकून दौत पुढं करत होते आणि कागद ओला करून चाललं नसतं.

काम तिथंही सरळ झालं नाही. संस्थानातल्या गाडीवाल्यांनी हरकत घेतली. त्यांचंही बरोबर होतं. नाक्यावर माल आमच्या गाडीतून त्यांच्या गाडीत जायचा, त्यावर त्यांची चूल होती. बाहेरची लॉरी थेट पेठेत आली तर ते काय करणार? सुनावणीला त्यांच्यातला एक म्हातारा उठून म्हणाला, "बाईचं नाव पुढं केलंय साहेब. मागं तंबाखूवालं शेट हायेत." सगळे हसले. संस्थानच्या साहेबांनी मला विचारलं, काय म्हणणं आहे. मी उभी राहिले. बोलायचं ठरवून काही गेले नव्हते. म्हटलं, "शेटजी माल देणार, हे खरं हाय. पण मला पुढं करायला मागं कोण न्हाय. ह्यांचा हात मोडला म्हणून माझं नाव आलं. हात दाखवू का?"

कुणी हसलं नाही. हात दाखवायला कुणी सांगितलंही नाही.

निकाल अर्धामुर्धा लागला. निपाणी ते कोल्हापूर, एवढ्याच रस्त्याची परवानगी. कोल्हापुरातून पुढं कोकणाकडं किंवा दुसरीकडं कुठंही नाही, आणि परतताना संस्थानातला माल भरायचा नाही. जाताना भरून जायचं आणि रिकामं यायचं. शेटजी ऐकून नाराज झाले. त्यांना पुढचाही रस्ता हवा होता. तरी त्यांनी शब्द मोडला नाही. निम्मा माल आम्हाला दिला, निम्मा दुसऱ्याला. त्या म्हाताऱ्या गाडीवाल्यालाच बहुतेक.

ज्या दिवशी निळी लॉरी पहिल्यांदा बोद भरून नदीपलीकडं गेली, त्या दिवशी मी नारळ फोडला, मामांच्या आणि ह्यांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि घरात येऊन जमिनीवर आडवी झाले. मुली शाळेत होत्या. दुपारी झोपणं आमच्यात बरं समजत नसत. मी झोपले. जागी झाले तेव्हा दिवेलागण झाली होती, थोरलीनं कंदील लावला होता, आणि हे दारात उभे राहून विचारत होते, "बरं न्हाय व्हय?"

"बरी हाय," मी म्हटलं. "कशी गेली गाडी?"

"नाकेदारानं सलाम केला," ते म्हणाले. "मला न्हाय, परमिटाला." आणि हसले. त्या हिवाळ्यातलं पहिलं हसू.

पहिली लॉरी पुढं दुरुस्त झालीच नाही. तिचं इंजिन कोळशाच्या धुरानं आतून खाल्लं गेलं होतं. सुटे भाग काढून बाकीचं भंगारात गेलं. म्हणजे दुसरी म्हणून आणलेली लॉरी एकुलती एक झाली. एवढी यातायात करून आमच्याकडं गाडी एकच राहिली. लोक म्हणायचे, बाईच्या नावावर लॉरी, केवढी नवलाई. मला नवलाई वाटली नाही. कर भरायचा, सही. परमिट नव्यानं करायचं, सही. बेळगावला बोलावणं, जा. मुलींची आजारपणं, ह्यांच्या हाताला रोज तेल, वखारीतले हमाल दारात येऊन ओरडायचे ते ऐकून घ्यायचं. मालक म्हणून मला एक गोष्ट जास्त मिळाली: आधी चिंता ह्यांच्या तोंडून ऐकायची, आता ती थेट माझ्याकडं यायला लागली.

हात प्लास्टरमधून बाहेर आला तो वाकडाच. पण हे गप्प बसणारे नव्हते. आधी मामांच्या शेजारी बसून माल मोजायला जायला लागले, मग उभ्या गाडीत चाक धरून बसायला लागले. डाव्या हाताचा जोर आणि उजव्याचा नुसता आधार. एक दिवस कागलच्या रस्त्याला, सपाटीवर, मामांनी गाडी थांबवली आणि चाक ह्यांच्यासाठी सोडून आपण खाली उतरले, एवढंच.

वर्षभरानं परमिट नव्यानं करायला मी बेळगावला निघाले. हे आणि मामा दोघंही बरोबर. निपाणीतून बाहेर पडताना हे चालवत होते. मी मधे बसले होते, मांडीवर कागदांची पिशवी. तवंदीच्या घाटाच्या तोंडाशी वडाखाली ह्यांनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं, गाडीचं पाणी बघायचं असेल. हे उतरले, मामा दुसऱ्या बाजूनं उतरले, दोघं बॉनेटपुढून एकमेकांना ओलांडून गेले आणि जागा बदलून वर आले. घाटातल्या वळणांना ह्यांचं मनगट पुरत नसे, हे दोघांनी आपसात कधी ठरवून टाकलं होतं, कोण जाणे. मला त्यांनी सांगितलं नव्हतं.

"जरा सरा मालकीणबाई," मामा म्हणाले, "गिअरला हात लागंना झालाय."

मी सरले. गाडी घाट चढायला लागली.